सुपरकार्डिऑइड माईक घेतला तरी सप्ताहात शिट्टी मारतोय

केळीबाग_रावेर:
राम कृष्ण हरी मंडळी. गावच्या सप्ताहाचं साउंड चार वर्षांपासून मी बघतो, म्हणजे दुसरं कोणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. जुना माईक कार्डिऑइड होता, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारा, यंदा वर्गणीतून सुपरकार्डिऑइड घेतला, दुकानदार म्हणे हा अजून एकमार्गी आहे, शिट्टीचं नावच विसरा. आणि पहिल्याच संध्याकाळी हरिपाठाला अशी शिट्टी मारली की पुढच्या आज्या कानावर पदर घेऊन बसल्या. मॉनिटर, म्हणजे बुवांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, बुवांच्या पायाशी, माईकच्या बरोब्बर मागे, जुन्यालाही तिथंच असायचा. बुवा माईक हातात घेतात आणि जाळीलाच मूठ मारतात. मला एवढंच सांगा, माईकला पुढचं-मागचं कळतं कसं? आणि एकमार्गी आहे तर टाळ एवढे का घुसतात?

जुना_कर्णा_धुळे:
माले बी हाऊच ताप व्हता भो. बुवांची मूठ सोडवा आधी.

एखादा मेलेला माईक असेल तर जाळी फिरवून काढून बघ. आत कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, असते, वर पडदा, आणि पडद्याच्या खाली कडेनं बारीक खाचा किंवा भोकं दिसतील. लोकांना वाटतं ती हवेसाठी आहेत, पण सगळी करामत तिथंच आहे. पडद्याची मागची बाजू पूर्ण बंद केली तर माईक फक्त हवेचा दाब मोजतो, आणि दाबाला दिशा नसते, म्हणून तो चारी बाजूंनी सारखंच ऐकतो, त्याला ओम्नी म्हणतात. मागची बाजू सताड उघडी ठेवली तर पुढून आणि मागून सारखं ऐकतो पण बाजूनं आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी ढकलतो, पडदा हलतच नाही, तो झाला आठच्या आकड्याचा पॅटर्न, पॅटर्न म्हणजे माईक कुठून किती ऐकतो त्याचा आकार. कार्डिऑइड यांच्या मधला. मागच्या भोकातून शिरणाऱ्या आवाजाला आत फेल्ट, जाळी, छोटी पोकळी असा अडथळा लावून थोडा उशीर करायचा. किती उशीर? मागून आलेल्या आवाजाला वळसा घालून पुढं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग मागचा आवाज दोन्ही बाजूंनी एकदमच पोचतो आणि कटतो. समोरचा मात्र पुढं लवकर आणि मागं खूप उशिरा पोचतो, म्हणून पडदा हलतो. एकाच कॅप्सूलमध्ये हे जमवलं ते शुअर या माईक कंपनीच्या बेंजामिन बाऊअरनं, १९३९ च्या युनिडाइन माईकमध्ये, त्याआधी ओम्नी आणि आठचा आकडा असे दोन वेगळे घटक एकाच डब्यात बसवून तेच काम काढायचे.

आता बुवांनी जाळीला मूठ मारली की ती मागची भोकं झाकली, म्हणजे तुमचा महागाचा माईक ओम्नीकडे सरकला, वर मुठीत पोकळी तयार होऊन काही सूर फुगतात ते वेगळंच. मग मॉनिटरचाच आवाज परत उचलून शिट्टी मारणार नाही तर काय करणार.

तापीकाठ:
कर्णाभाऊंचं बरोबर, पण मूठ सोडवली तरी मॉनिटरचं राहतंच. कार्डिऑइड बरोब्बर मागे, म्हणजे १८० अंशांवर बहिरा असतो. सुपरकार्डिऑइडला मागे छोटं शेपूट असतं, तिथून तो ऐकतो, त्याच्या बहिऱ्या जागा समोरून मोजल्या तर दोन्ही बाजूंना साधारण १२६ अंशांवर येतात. तुम्ही मॉनिटर नेमका शेपटावर ठेवलाय! एकच मॉनिटर असेल तर मागून थोडा तिरपा सरकवा, दोन असतील तर दोन्ही अंगांना एकेक. हायपरकार्डिऑइड, म्हणजे याच जातीचा पुढचा प्रकार, असता तर बहिऱ्या जागा अजून बाजूला, ११० च्या आसपास. दुकानदार खोटं बोलला नाही, बाजूचा आवाज हा खरंच कमी घेतो, अर्धंच सांगितलं त्यानं.

केळीबाग_रावेर:
आज काकड्यालाच मॉनिटर तिरपा केला, फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची पट्टी) बराच वर गेला तरी गप्प आहे. बुवांना मूठ सोडा म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून माईक स्टँडलाच लावून टाकला, म्हटलं हात मोकळे राहतील तुमचे 😀 पण टाळ तसेच येतात आणि बुवा पुढं झुकले की आवाज घुमतो.

जुना_कर्णा_धुळे:
घुमणं म्हणजे प्रॉक्सिमिटी. मागून उघड्या माईकला तोंड जवळ नेलं की खालचे सूर फुगतात, ओम्नीला होत नाही. मिक्सरवरचा लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं बटण, दाब.

टाळाचं सांगतो, टाळकरी उभे कुठं असतात? बुवांच्या पाठीमागे. माईकचं तोंड कुठं? बुवांकडे. म्हणजे माईकच्या हिशोबानं टाळकरीही समोरच की! पॅटर्न इथं काही करू शकत नाही, अंतरच कामाचं. तोंड आणि माईक यातलं अंतर निम्मं केलं तर बुवांचा आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो, टाळ होते तिथंच राहतात, मग गेन, म्हणजे मिक्सरवर माईकचा आवाज जेवढा वाढवलाय तो, उतरव. किंवा टाळकऱ्यांना दोन पावलं मागे घे, पण ते ऐकणार नाहीत, आमच्याकडचे तर ऐकत नाहीत.

तापीकाठ:
आणि कोणी कॉलर माईक सुचवेल तर थांबा. ते बहुतेक ओम्नी असतात, मान वळवली तरी आवाज जात नाही म्हणून, पण मॉनिटर जवळ असला की पुन्हा शिट्टी.

केळीबाग_रावेर:
कॉलरचा ठराव कालच मीटिंगमध्ये पास झालाय राव 🙏 बघतो रद्द होतो का.