मदत हवी आहे: मेल मर्जमध्ये तारखा भाषेप्रमाणे येत नाहीत

एकाच पत्राची मराठी, इंग्रजी आणि जर्मन अशी तीन वर्ड टेम्प्लेट्स आहेत. तारखा एक्सेलमधून मेल मर्जने (यादीतली माहिती प्रत्येक पत्रात आपोआप भरणारी वर्डची सोय) येतात. एक्सेलमध्ये १४-०३-२०२५ दिसतं, वर्डमध्ये ३/१४/२०२५ उमटतं. मराठी पत्रातही महिना इंग्रजीत येतो. शिवाय काही ओळींत ५ एप्रिलचा ४ मे झालाय, सगळ्या ओळींत नाही. सेलचं फॉरमॅट बदलून पाहिलं, वर्डमध्ये काहीच फरक पडत नाही. दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

प्रतिसाद १

आधी ५ एप्रिलचं बघा, कारण तिथे डेटाच बिघडलाय. संगणकाची रिजन सेटिंग अमेरिकी असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची फाइल) उघडताना एक्सेल ०५/०४/२०२५ ला ४ मे समजतो. १४/०३ मध्ये मात्र चौदावा महिना सापडत नाही, म्हणून तो मजकूर म्हणून तसाच राहतो. म्हणजे बारापर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात आणि तेरापासून पुढचे सेलमध्ये डावीकडे चिकटून दिसतात. शेजारच्या स्तंभात 'इझनंबर' (सेलमध्ये संख्या आहे का ते सांगणारं फंक्शन) लावा. ट्रू आणि फॉल्स दोन्ही आले तर हाच घोळ आहे.

उलटलेली तारीख नुसती बघून ओळखता येत नाही, त्यामुळे हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ सीएसव्ही डेटा टॅबमधून पॉवर क्वेरीत (एक्सेलचं डेटा आयात करायचं साधन) घ्या. तिथे आपोआप पडलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी आधी काढून टाका, मग स्तंभावर राइट-क्लिक करून चेंज टाइप > युजिंग लोकेल > डेट, इंग्लिश (इंडिया). ती पायरी राहिली तर तारखा आधीच उलटलेल्या असतात आणि लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) देऊन उपयोग होत नाही.

प्रतिसाद २

सेलचं फॉरमॅट फक्त एक्सेलच्या पडद्यापुरतं असतं, वर्ड आतलं मूल्य उचलतो. म्हणून साचा (तारीख कशी दिसावी याचा नमुना) वर्डमध्येच द्या: ऑल्ट+एफ९ दाबून फील्डकोड उघडा, नावापुढे \@ आणि अवतरणचिन्हांत दिवस-महिना-वर्ष. महिन्याचे 'एम' मोठेच हवेत. छोटा एम म्हणजे मिनिटं, आणि मग १४/००/२०२५ असं छापलं जातं. शेवटी एफ९.

जर्मन महिन्यासाठी पूर्ण फील्ड निवडून प्रूफिंग लँग्वेज जर्मन करा. मराठीसाठी मात्र एक्सेलमध्येच 'टेक्स्ट' फंक्शनचा वेगळा स्तंभ करा, कारण देवनागरीची भाषा वर्ड वेगळी साठवतो आणि ती सेटिंग हमखास निसटते. साच्याच्या सुरुवातीला चौकटी कंसात डॉलर, वजाचिन्ह आणि मराठीचा संकेतांक ४४ई. अंकही देवनागरी हवे असतील तर ४०००४४ई. हे सगळं इंग्रजी अंक-अक्षरांत टंकायचं. एक्सेल जर्मन रिजनवर चालत असेल तर वर्षासाठी 'वाय' चालत नाही, 'जे' लागतो.

फॉन्टही तपासा. कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा (देवनागरीसारख्या लिपींचा) फॉन्ट, आकार आणि ठळकपणा वर्ड वेगळा ठेवतो. फक्त लॅटिनचा आकार बदलला तर ओळीत तारीखच लहान दिसते.

प्रश्नकर्ता

धन्यवाद, महिने आता मराठीत आले. पुढे हेच काम जावास्क्रिप्टने करायचं आहे. शिवाय 'शुक्रवार, १४ मार्च २०२५ रोजी' हे वाचायला खटकतं.

प्रतिसाद २

खटकणारच. वाक्यात 'शुक्रवारी' हवं, आणि वार फील्डमधून येत असेल तर त्याला 'ई' कोण लावणार? वाक्याचे तुकडे करून भाषांतर करू नका. प्रत्येक भाषेत पूर्ण वाक्य ठेवा आणि तारखेची जागा त्या भाषेत ठरवा. मराठीत 'दि. १४ मार्च २०२५ रोजी' पुरतं. वार हवाच असेल तर वरच्या ओळीत एकटा द्या, तिथे प्रत्यय लागत नाही.

प्रतिसाद ३

जावास्क्रिप्टच्या इंटलमध्ये (भाषेप्रमाणे तारखा-अंक मांडणारी अंगभूत सोय) मराठी लोकेल दिलं की अंक आपोआप देवनागरी येतात, हिंदीला इंग्रजी (1, 2, 3) येतात. मराठी महिने आणि इंग्रजी अंक हवे असतील तर अंकपद्धती लॅटिन असं स्पष्ट सांगावं लागतं. आयसीयूचे (अनेक भाषांसाठीची प्रोग्रॅमिंग लायब्ररी) साचे वापरत असाल तर वर्षाला छोटा 'वाय' द्या. मोठा वाय आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष देतो, २९ डिसेंबर २०२५ चं २९ डिसेंबर २०२६ होतं. वर्षभर सगळं बरोबर चालतं, म्हणून चाचणीत ही तारीख मुद्दाम घाला.

आणि पत्राच्या वरच्या तारखेला वर्डचं 'डेट' फील्ड लावलं असेल तर काढा. ते फाइल उघडताच आजची तारीख घेतं. जुन्या पत्रावर जुनीच तारीख राहायला हवी, तीही एक्सेलमधूनच आणा.