मदत हवी आहे: वॉरंटीतल्या आउटबोर्डची (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाची) पहिली सर्व्हिस घरीच करू का?

मंडळी, देवगडला छोटी फायबरची होडी आहे, घरच्यापुरती मासेमारी. गेल्या महिन्यात ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड नवीन घेतलं. चालवल्याचे २० तास भरत आलेत, म्हणजे पहिली सर्व्हिस. डीलर गोव्यात. इंजिन उतरवून टेम्पोत घालायचं तर भाडंच सर्व्हिसपेक्षा जास्त, आणि दोन दिवस मोडणार ते वेगळेच.

काम अवघड नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल (खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत) आणि स्क्रूचे नवे वॉशर. जुनं केरोसीनवरचं इंजिन मीच सांभाळायचो. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून पाहिला, थेंबभर तेल आलं. दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. दर फेरीनंतर खारं पाणी धुऊन निघावं म्हणून इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवतो.

डीलरला दोनदा फोन केला, उत्तर एकच: "घेऊन या." लेखी काही देत नाहीत. पुस्तिकेत सर्व्हिसची नोंद ठेवा म्हटलंय, पण ती कोणी करायची ते नाही. शिक्क्याचा चौकोन तेवढा छापलाय!

कंपनीचंच ऑइल-फिल्टर, पक्की बिलं, फोटो आणि तासांची वही एवढ्यावर कोणाचा वॉरंटी क्लेम प्रत्यक्षात पास झालाय का? की निदान पहिला शिक्का डीलरचाच लागतो?