जुनं स्टडी बायबल: तसंच नवं मिळेल का?

नमस्कार मंडळी,
आईचं इंग्रजी एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या भाषांतराचं) स्टडी बायबल, म्हणजे खाली टीपा असलेलं, पार खिळखिळं झालंय. पाठ सुटलीय, उत्पत्तीची पहिली पानं निखळलीत, बाँडेड लेदरचे पापुद्रे निघतायत. समासात तिची मराठी टिपणं आहेत. वाचन रोजचं, म्हणून दुसरं घ्यायचंय, पण हवं अगदी तेच. दुकानात त्याच नावाचं मिळतं, ते चालेल का? आणि जुन्याचं काय करायचं?
(वास्को)

ताई,
नाव तेच असलं तरी मजकूर तोच असेल असं धरू नका. हे स्टडी बायबल पहिल्यांदा निघालं 1985 साली, एनआयव्हीच्या 1984 च्या मजकुरावर. 2011 मध्ये तो मजकूर बदलला आणि 2020 च्या आवृत्तीत खालच्या टीपाही नव्याने केल्या. आज कोरं मिळतं ते हे. आईंनी ज्या वाक्याशेजारी टिपण लिहिलंय, ते वाक्यच नव्या प्रतीत वेगळं असू शकतं. तेव्हा 2011 च्या आधी छापलेली वापरलेली प्रत शोधा.

आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघा. तिथलं सर्वांत अलीकडचं कॉपीराइट साल टिपून घ्या. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दहा अंकी असेल तर नुसतं पुढे 978 लावून शोधलंत की काही सापडत नाही, कारण शेवटचा तपासणी अंक बदलतो. नेटवर तेरा अंकी करून देणारी साधनं आहेत, त्यातून काढा.

विक्रेते पुष्कळदा भलत्याच प्रतीच्या मुखपृष्ठाचा फोटो लावतात. पैसे भरण्याआधी याकोबाच्या पत्रातल्या 1:2 चा फोटो मागवा. तिथे ‘माय ब्रदर्स’ एवढंच असेल तर जुना मजकूर. ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ असेल तर घेऊ नका. लार्ज प्रिंटही नको, पान क्रमांक जुळणार नाहीत.

पणजी-मडगावच्या कॅथलिक पुस्तक दुकानांत मिळतात ती 73 पुस्तकांची बायबलं. तुमचं 66 चं, त्यात टोबित, मक्काबी वगैरे पुस्तकं नाहीत, तेव्हा तिथलं चालणार नाही.
(पणजी)

वास्कोच्या ताईंना,
जुनं टाकू नका हो! मधोमध उघडून बघा. फर्म्याच्या (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) घडीत दोरा दिसला तर ती जुजबंदी आहे, पुन्हा छान बांधून होईल. दोरा नसेल तर पानं नुसती गोंदावर उभी आहेत. तशा पुस्तकाची पुनर्बांधणी आतला समास खाते, त्यापेक्षा टिपणांच्या पानांचे नीट फोटो काढून पुस्तक पेटीत जपलेलं बरं.

बाइंडरला समोर बसून सांगा: कडा कटिंग मशीनवर घ्यायच्या नाहीत. वह्या-खतावण्यांच्या सवयीने तिन्ही बाजू दोन-तीन मिलिमीटर उडवतात, आणि समासातली अक्षरं त्यातच जातात. बाजूने भोकं पाडून टाचायचंही नाही. पुस्तक सपाट उघडत नाही, आतला रकाना वाचताच येत नाही. सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि चिकटा कागदात उतरतो. फाटलेल्या जागी पुस्तकदुरुस्तीचा पातळ टिश्यू कागद (हात पुसायचा नव्हे) आणि मैद्याची खळ लावा. खळ अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढीच, कारण बायबलचा कागद पाणी प्यायला की सुरकुततो. वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली राहू द्या.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. आपल्याकडच्या पावसात पाठीतली खळ आतून वाळत नाही, बुरशी धरते. कसर लागलेली दिसली तर बाइंडरकडे नेण्याआधी पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं.

नव्या प्रतीत टिपणं उतरवताना जेल पेन नको, शाई पलीकडे फुटते. बारीक टोकाचं पिगमेंट शाईचं पेन घ्या आणि आधी मागच्या कोऱ्या पानावर करून बघा.
(फोंडा)