शब्दचर्चा : ‘कंपोझिट प्रायमरी की’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. डेटाबेस शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीतून टिपणे लिहितो आहे. ‘प्रायमरी की’साठी प्राथमिक कळ, प्राथमिक किल्ली आणि मुख्य कुंजी असे पर्याय समोर आहेत. ‘कंपोझिट’साठी संयुक्त, संमिश्र, सामासिक आणि जोड. मुले सर्रास लिहितात, ‘या टेबलला दोन प्रायमरी की आहेत.’ ही समजूत जिथल्या तिथे मोडेल असा शब्द हवा आहे. शिवाय कंपोझिट आणि कंपाउंड यांत काही फरक करावा का? जाणकारांनी सांगावे.

उत्तर

‘संयुक्त प्राथमिक कळ’ लिहा. कारण सांगतो, पण आधी ती वस्तू काय आहे ते पाहू.

प्रायमरी की म्हणजे टेबलमधली प्रत्येक ओळ नेमकी ओळखून देणारी कळ; ती अनेक कॉलमची असली की कंपोझिट. एका टेबलला प्रायमरी की एकच असते. ती एका कॉलमची असेल, नाहीतर चार कॉलम मिळून झालेली असेल. वाढतात ते कॉलम; कळ एकच राहते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरचा, निबंध प्रसिद्ध केला. त्यात प्रायमरी कीची व्याख्या करतानाच त्यांनी एक कॉलम किंवा अनेकांचा समुच्चय, दोन्ही धरले होते. म्हणजे एक कॉलमची कळ खरी आणि अनेक कॉलमची कळ ही नंतर काढलेली पळवाट, असे कधीच नव्हते. दुसरी अटही तिथेच आहे: त्या समुच्चयात फालतू भरती नको. एखादा कॉलम काढूनही ओळ नेमकी ओळखता येत असेल, तर तो कळेत नसावा.

मुलांना विदर्भ एक्स्प्रेसचे उदाहरण द्या. मुंबईहून गोंदियाला जाणारी ही गाडी, क्रमांक १२१०५. रोज सुटते, म्हणून नुसत्या क्रमांकावरून एक फेरी ओळखता येत नाही. नुसत्या तारखेवरूनही नाही, कारण त्या दिवशी इतर असंख्य गाड्या धावत असतात. दोन्ही मिळून मात्र नेमकी एक फेरी हाती लागते.

पण तारीख कोणती? गाडी मुंबईहून संध्याकाळी निघते आणि अकोल्याला मध्यरात्र उलटल्यावर पोचते. अकोल्याला चढणाऱ्याची प्रवासाची तारीख पुढच्या दिवसाची, फेरी मात्र आदल्या दिवशी निघालेली. कळेत चढण्याची तारीख घातली, तर एकाच फेरीचे प्रवासी दोन फेऱ्यांत विभागले जातात. तिथे ‘मूळ स्थानकावरून सुटण्याची तारीख’ हवी. संयुक्त कळ ठरवताना खरा विचार लागतो तो इथे: कॉलम किती घ्यायचे यापेक्षा प्रत्येक कॉलम नेमके काय सांगतो, हे आधी पक्के करावे लागते.

आता आरक्षणाचे टेबल घ्या. गाडी क्रमांक, सुटण्याची तारीख, डबा, बर्थ. चार कॉलम झाले, ओळ एकमेव व्हायला हवी. होत नाही. मुंबई ते भुसावळ एक प्रवासी आणि भुसावळ ते गोंदिया दुसरा, असे एकाच बर्थवर एकाच फेरीत दोघांचे आरक्षण होऊ शकते. म्हणून चढण्याचे स्थानक कळेत घ्यावे, तर आरएसी पुढे उभी राहते. तिथे बाजूच्या खालच्या बर्थवर एकाच वेळी दोघे बसतात. कळेत काय घालायचे हे त्या धंद्याचे नियम ठरवतात. टेबलाकडे कितीही टक लावून पाहिले तरी ते कळत नाही.

आणखी एक मर्यादा मुलांना जरूर सांगा. समजा एकाने मुंबई ते अकोला आणि दुसऱ्याने भुसावळ ते नागपूर असा एकच बर्थ घेतला. चढण्याची स्थानके वेगळी, त्यामुळे कळ दोन्ही ओळी बिनतक्रार आत घेईल आणि भुसावळच्या पुढे भांडण होईल. कळ तंतोतंत सारखेपणा अडवते, एकावर एक येणारे टप्पे अडवत नाही. त्यासाठी वेगळे बंधन लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८व्या आवृत्तीत कळेच्या शेवटच्या कॉलममध्ये पल्ला (कुठून कुठपर्यंत) ठेवून असे आच्छादन रोखण्याची सोय आली आहे.

सर्वांत सोपे उदाहरण पीएनआरचे. दहा अंकी पीएनआर एका तिकिटाचा, आणि एका तिकिटावर सहापर्यंत प्रवासी. प्रवाशांच्या टेबलची कळ पीएनआर आणि प्रवाशाचा क्रम. ‘क्रम २’ एकट्याने काहीच सांगत नाही, पीएनआर एकटा सहा जणांकडे बोट दाखवतो. इथे ‘दोन प्रायमरी की’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा: पीएनआर ही स्वतंत्र प्रायमरी की असती, तर त्या तिकिटावर दुसरा प्रवासी घालता आला असता का?

आता शब्द. ‘की’ लिहू नये याचे मुख्य कारण मराठी वाक्यातले आहे. ‘संयुक्त की सरोगेट की चांगली’ (सरोगेट म्हणजे ओळखीपुरता मुद्दाम दिलेला आयडी) हे वाचणाऱ्याला पहिला ‘की’ म्हणजे ‘किंवा’ वाटतो. बोलताना आपण हेल काढून निभावतो, कागदावर अडखळतो. ‘कळ’ कळफलकामुळे रुळलेला शब्द आहे, स्त्रीलिंगी आहे आणि त्याची रूपे सहज चालतात: कळेचा, कळेत, कळा. ‘कुंजी’ हिंदीतून आलेली वाटते. ‘किल्ली’ कुलपाशी इतकी बांधलेली आहे की मुले काहीतरी उघडायला बघतात, आणि इथे उघडायचे काही नाही, ओळखायचे आहे.

‘संयुक्त’ तर मुलांच्या ओळखीचा आहे. गणितात मूळ संख्या आणि संयुक्त संख्या ते शाळेतच शिकतात. अनेक अवयव, संख्या एक. नेमके हेच इथे हवे आहे.

प्रतिसाद

‘संयुक्त’ला माझेही मत. ‘संमिश्र’ नको, कारण त्यात मिसळण्याचा भाव आहे आणि मिसळलेले वेगळे काढता येत नाही. कळेतला प्रत्येक कॉलम स्वतःची किंमत आणि स्वतःचा प्रकार राखून असतो. ‘जोड’ ऐकला की दोनच डोळ्यांपुढे येतात, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस १६ कॉलमपर्यंत एक कळ करू देते, पोस्टग्रेस मुळात ३२पर्यंत.

‘सामासिक’ मात्र मला मनापासून आवडतो. समासात पदांचा क्रम बदलून चालत नाही, आणि कळेतही क्रमाला मोल आहे. कळ (गाडी क्रमांक, तारीख) अशी असेल तर तिच्या इंडेक्समधून, म्हणजे ओळी शोधायच्या क्रमवार सूचीतून, १२१०५च्या सगळ्या फेऱ्या झटकन निघतात. एका तारखेच्या सगळ्या गाड्या मागितल्या, तर तोच इंडेक्स फारसा उपयोगी पडत नाही.

उत्तर

क्रमाचा मुद्दा मोलाचा आहे, टिपणात यायलाच हवा. फक्त तो इंडेक्सचा गुण आहे. ओळ एकमेव आहे की नाही, यासाठी क्रमाने काही बिघडत नाही. (तारीख, गाडी क्रमांक) लिहिले तरी त्याच ओळी आत येतील आणि त्याच अडतील. ‘सामासिक’ म्हटल्याने मुलांना क्रम हाच कळेचा अर्थ वाटेल, म्हणून मी तो शब्द टाळेन.

कंपोझिट आणि कंपाउंडबद्दल: काही पुस्तके म्हणतात, ज्या कळेचा प्रत्येक घटक दुसऱ्या टेबलची कळ आहे ती कंपाउंड, आणि जिथे एखादा घटक तसा नाही ती कंपोझिट. इतरत्र दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. कॅसँड्रा या डेटाबेसात पुन्हा वेगळेच. तिथे पार्टिशन कळ (ओळ कोणत्या विभागात जाते ते ठरवणारी) आणि क्लस्टरिंग कॉलम (विभागातला क्रम ठरवणारे) मिळून होते ती कंपाउंड प्रायमरी की, आणि पार्टिशन कळच अनेक कॉलमची असली तर ती कंपोझिट. डायनमोडीबी या डेटाबेसात पार्टिशन कळ आणि सॉर्ट कळ मिळून जे होते त्याला कंपोझिट म्हणतात, म्हणजे कॅसँड्रावाला ज्याला कंपाउंड म्हणेल जवळजवळ तेच. हा घोळ मराठीत आयात करू नये. दोन्हींना ‘संयुक्त’ म्हणा, आणि कॅसँड्रा शिकवताना ‘संयुक्त पार्टिशन कळ’ असे पूर्ण नाव घ्या.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार, पीएनआरचे उदाहरण टिपणात घेतो. एक शंका उरते. मुलांना नोकरीत बहुतेक टेबलांत आपोआप वाढणारा ‘आयडी’ दिसतो. मग संयुक्त कळ कशासाठी शिकवायची, असे ते विचारतात.

उत्तर

आयडी ठेवण्यात गैर काही नाही. इतर टेबलांतून संदर्भ देताना चार कॉलम वाहून न्यावे लागत नाहीत. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी कीचे कॉलम साठवले जातात, त्यामुळे रुंद कळ सगळीकडे जागा खाते. वेब-चौकटींचा (फ्रेमवर्कचा) इतिहासही आहे: जँगोत संयुक्त प्रायमरी की २०२५च्या ५.२ आवृत्तीत आली, रेल्सच्या गाभ्यात २०२३च्या ७.१मध्ये. तोपर्यंत त्यांत काम करणारे आयडीच ठेवत आले, तशी सवयच पडली.

पण आयडी ठेवला म्हणून पीएनआर आणि क्रम यांची जोडी एकमेव असण्याची गरज संपत नाही. त्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारे) घातले नाही, तर एकच प्रवासी आयडी ५०१ आणि आयडी ५०२ अशा दोन ओळींत सुखाने नांदतो आणि डेटाबेस चकार शब्द काढत नाही. बंधन घालताना दोन्ही कॉलम रिकामे राहणार नाहीत अशीही अट घाला. प्रायमरी कीत ती आपसूक येते, युनिक बंधनात येत नाही.

तीच काळजी परकीय कळेत, म्हणजे दुसऱ्या टेबलच्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन कीत. संयुक्त परकीय कळेतला एक कॉलम जरी नल (रिकामा) असला, तरी पोस्टग्रेस मुळातल्या नियमाप्रमाणे बाकीच्यांची तपासणीच करत नाही. पीएनआर भरला, क्रम नल राहिला, तर अस्तित्वात नसलेल्या पीएनआरची ओळही आत जाते. ‘मॅच फुल’ लिहिले तर ती अडते. मग एकतर सगळे कॉलम भरलेले असावे लागतात, नाहीतर सगळे नल.