पुन्हा: सुदानच्या निर्वासितांसाठी जमलेला निधी

सर्वांना नमस्कार,

संक्रांतीला जमलेला निधी सुदानच्या युद्धातून जीव वाचवून चाडमध्ये आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी द्यायचं ठरलं आहे. कार्यकारिणीत दोन मतं आहेत: बाटलीबंद पाणी, की आरओ मशीन? दादांनी हे काम बरीच वर्षं केलंय, सध्या ते दर्यापूरकडे गावी आहेत. दादा, सविस्तर लिहाल का?

चिटणीस

---

ताई, नमस्कार.

दोन्ही नकोत. स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी रोज किमान 15 लिटर पाणी लागतं. पिणं, रांधणं, अंघोळ सगळं त्यात आलं. 10,000 माणसांची छावणी धरा, रोज दीड लाख लिटर झालं. आपल्याकडच्या दहा हजारी टँकरच्या पंधरा खेपा! बाटल्या कुठवर पुरणार?

आरओचं म्हणाल तर आमचा खारपाण पट्टाच बघा. इथं पाण्यात क्षार आहेत म्हणून मशीन बसवलं. बिघडलं की अमरावतीहून माणूस येईस्तोवर बंद. छावणीत मारतो तो कॉलरा, आणि त्याला क्लोरीन पुरतं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवायची. आमच्या गावचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट करतो, म्हणजे थोड्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघतो; पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. छावणीत तपासायला गोळी वापरतात, रंग गुलाबी येतो, बाकी काम तेच. लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं.

1994 मध्ये रवांडातून लाखो लोक शेजारच्या काँगोतल्या (तेव्हाचं झैर) गोमाला आले. पहिल्या आठवड्यात माणशी पाव लिटरही शुद्ध पाणी नव्हतं. महिन्याभरात जवळजवळ 50,000 माणसं गेली, बहुतेक कॉलऱ्यानं आणि हगवणीनं.

2017 च्या शेवटी मी बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्यांच्या छावणीत होतो. घाईघाईत हातपंप आणि संडास इतके जवळ खोदले गेले होते की पुढे कित्येक बंद करावे लागले. दोन्हींत निदान 30 मीटर अंतर हवं. तिथली एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. एक बाई पंपावर हंडा भरत होती, पंपाचं पाणी तपासलं, चांगलं निघालं. तीच बाई हंडा घेऊन झोपडीत गेली, तासाभरानं हंड्यातलं तपासलं तर घाण. लेकरानं पेल्यासकट हात मनगटापर्यंत बुडवला होता. माझी आई माठावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवायची, ते का, हे मला तिथं नीट कळलं. म्हणून निधीतून आधी अरुंद तोंडाचे, झाकणाचे कॅन आणि साबण घ्या. घरटी दोन कॅन, एक भरून आणायला, एक साठवायला.

उरलेले पैसे संडासांना. सुरुवातीला 50 माणसांमागे एक, जमेल तसं 20 मागे एक. वस्तू इथून पाठवू नका, तिथं काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, त्यांना जवळच्या बाजारात मिळतं.

आपला, दादा

---

दादा, पूर्ण अनुमोदन.

माझं माहेर चिखलदऱ्याकडचं. 2022 च्या पावसाळ्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला विहिरीचं पाणी पिऊन कॉलरा झाला, माणसं गेली. तिथं तर युद्धही नव्हतं.

संडासांबद्दल एक जोडते. आम्ही पोरी अंधार पडल्यावर गोदरीला जायचो, म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचो नाही. छावणीतही बाया तेच करत असणार. बायांचे संडास वेगळे, आतून कडी, वाटेवर दिवा, पाळीचे कपडे धुवायला आडोसा, हे संस्थेला लेखी विचारा. आणि जागा ठरवण्याआधी तिथल्या बायांना विचारा. संडास आमच्याच कामाचा, अन् जागा दाखवणार सगळे पुरुष, असं नको.

कड्या आणि दिव्यांसाठी माझा वेगळा चेक रविवारी आणते. ताई, बाटल्या आणि आरओचा विचार त्याच बैठकीत मागे घ्या.

काकू