सांधा कशाला म्हणायचं: रूळ जोडतात तिथं की फुटतात तिथं?

जुनीलाइन
पाचोरा–जामनेर अरुंद रेल्वेमार्गाच्या आणि मिरजेच्या मीटर गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) काळातल्या जुन्या फोटोंची पुस्तिका चालली आहे. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. फोटो 3 मध्ये एका मार्गाचे दोन होतात ती जागा आहे. खाली लिहिलं होतं, 'यार्डातला सांधा'. मुद्रितशोधनातून ते 'यार्डातील रुळांचा जोड' होऊन परत आलं. कारण असं दिलं आहे की फोटो 9 मध्ये फिशप्लेटनं, म्हणजे बोल्टच्या लोखंडी पट्टीनं, जोडलेल्या दोन रुळांच्या टोकांनाही 'सांधा' म्हटलं आहे, आणि एका पुस्तकात एक शब्द दोन वस्तूंना नको. आक्षेप रास्त आहे, उपाय चुकीचा. मला मार्ग फुटतो त्या जागेला, म्हणजे पॉइंट्सना, एक आणि रुळांची टोकं जुळतात त्या रेल जॉइंटला दुसरा असे वेगळे मराठी शब्द हवे आहेत. पॉइंट्समधल्या निमुळत्या सरकत्या रुळालाही शब्द हवा. कंसात इंग्रजी देणार नाही.

कर्जतबँकर
पॉइंट्स म्हणजे सांधा, यात वादच नाही. पॉइंट्समनला मराठीत सांधेवाला म्हणतात तो काय फिशप्लेटचे बोल्ट आवळतो? ते काम रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनचं आणि चावीवाल्याचं. सांधेवाला सांधे बदलतो, मालगाडीच्या वाघिणी जोडतो-सोडतो, झेंडी दाखवतो. फोटो 3 आहे तसाच ठेवा आणि फोटो 9 ला 'रुळांचा जोड' म्हणा. तुमच्या मुद्रितशोधकांनी दुरुस्ती केली ती बरोबर, फक्त भलत्या फोटोला.

संधिविग्रह
मूळ धातू पाहा. 'सांधणे' म्हणजे जोडणे. सांधा संस्कृत 'संधि'वरून आला. गुडघ्याचा सांधा, लाकडाचा सांधा, नळाचा सांधा, सगळीकडे दोन टोकं एकत्र येतात. मग फिशप्लेटची जागा हाच खरा सांधा. मार्ग फुटतो तिथं हा शब्द कसा शोभतो?

कर्जतबँकर
उलट्या बाजूनं येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारा, त्याला तिथे दोन मार्ग एक झालेलेच दिसतात. फुटणं आणि जुळणं हा फक्त तोंडाचा प्रश्न आहे. म्हणून तर रेल्वेत मार्ग फुटतो त्या तोंडानं आली तर फेसिंग आणि मार्ग जुळतात त्या बाजूनं आली तर ट्रेलिंग असा भेद करतात.

गिट्टीवाला
आमच्या वऱ्हाडात, नागपूर बाजूला 'काटा' म्हणतात. काटा लागला, काटा फिरवला. पॉइंट्समन तो काटेवाला.

संधिविग्रह
तो हिंदी 'कांटा'. मध्य प्रांताची देणगी.

गिट्टीवाला
असू द्या ना. तुम्ही 'फलाट' म्हणता तो काय ज्ञानेश्वरीतून आला? तिकडे खडी म्हणतात, इकडे गिट्टी, आणि रुळांखालच्या स्लीपरला दोन्हीकडचे जुने गँगमन सिलपाट म्हणत. गाडी सगळ्यांवरून सारखीच जाते.

तेरामीटर
शब्दाआधी वस्तू नीट पाहू, म्हणजे निम्मा वाद संपेल. (संपणार नाही, पण पाहू.)

रुळांचा जोड: ब्रॉडगेजवर रुळाची नेहमीची लांबी 13 मीटर. दोन टोकांच्या दोन बाजूंनी एकेक फिशप्लेट आणि चार बोल्ट. मध्ये फट ठेवावी लागते, कारण तापमान 40 अंशांनी वाढलं की 13 मीटरचा रूळ साधारण 6 मिमी वाढतो. फट नसेल तर उन्हाळ्यात रूळ आडवा वाकतो, जास्त असेल तर प्रत्येक चाक टोकावर आदळतं. मग टोकं चेपतात, जोडाखालची खडी दबते, पावसाळ्यात तिथूनच चिखल वर येतो आणि बोल्टच्या भोकापासून तडा जायला सुरुवात होते. अशा मार्गाच्या फोटोत जोडाच्या खालीच रंग बदललेला दिसतो, तो हा चिखल.

पॉइंट्स: यात जोड असतातच, पण ओळख त्यांवरून होत नाही. बाहेरचे दोन रूळ जागचे हलत नाहीत. त्यांना आतून चिकटणारे दोन निमुळते रूळ सळईनं एकमेकांना बांधलेले असतात आणि दोन्ही एकदम सरकतात, एक चिकटतो तेव्हा दुसरा सुटतो. ब्रॉडगेजवर नव्या बसवणीत हे सरकणं 115 मिमी असतं. पुढे जिथे आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो क्रॉसिंगचा भाग. 1:12 चा सांधा म्हणजे त्या छेदाच्या जागी बारा भाग पुढे गेल्यावर मार्ग एक भाग फाकतो. मुख्य मार्गावर साधारण 1:12, जागा कमी असलेल्या माल यार्डात 1:8.5.

जुनीलाइन
या निमुळत्या रुळालाच शब्द हवा आहे.

तेरामीटर
इंग्रजीत त्याला जीभच म्हणतात. 'जीभ' लिहा, फोटोत नजर आपोआप तिथं जाईल.

संधिविग्रह
'जिव्हारूळ' जास्त नेमकं.

कर्जतबँकर
जिव्हारूळ ऐकून गँगमन डॉक्टरकडे पाठवेल. जीभ पुरे.

लोंढाजंक्शन
एक तिसरी वस्तू राहिली, आणि फोटोओळींत सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. लांब वेल्ड केलेल्या रुळांच्या टोकाला एक्स्पान्शनचा, म्हणजे रुळाला लांब-आखूड व्हायला वाव देणारा, जोड असतो. तिथेही निमुळती जीभ आणि तिला लागून बाहेरचा रूळ असतो, जवळून काढलेल्या फोटोत हुबेहूब पॉइंट्स वाटतात. पण दुसरा मार्ग नसतो, दोन जिभांना बांधणारी सळई नसते, जीभ सरकवणारी मोटर किंवा खटका नसतो. चाक तिरक्या कापावरून जात असल्यामुळे आवाजही जवळजवळ होत नाही. आता याला काय म्हणणार? सांधा? जोड? दोन्ही खरं आहे.

मुंबईबंदर
आवाजाचं निघालंच आहे तर, राजकारणात कोणी पक्ष बदलला की वर्तमानपत्रात हमखास येतं, 'सांधा बदलताना खडखडाट होणारच'. इथला सांधा पॉइंट्सचाच आहे. म्हणजे मराठीनं निकाल केव्हाच दिला आहे.

तेरामीटर
म्हण चांगली, यंत्रज्ञान कच्चं. सांधा बदलताना जीभ सरकते, त्याचा आवाज केबिनजवळ उभ्या असलेल्यालाच येतो. प्रवाशाला येणारा खडखडाट पुढच्या क्रॉसिंगचा, कारण तिथे चाकाच्या कडेला वाट देण्यासाठी रुळात मुद्दाम खिंड ठेवलेली असते आणि चाक ती ओलांडतं. समोरच्या बाजूला चेकरूळ असतो, तो दुसऱ्या चाकाला आतून धरून ठेवतो, नाहीतर चाक भलत्या वाटेला लागेल. म्हणून सांधा 'ओलांडताना' खडखडाट होतो, बदलताना नाही.

मुंबईबंदर
पक्ष बदलणाऱ्यांनाही तो नंतरच ऐकू येतो.

दूधसागर
क्रॉसिंग हा शब्द वापरताय पण तो याहून घोटाळ्याचा. एकेरी मार्गावर 'क्रॉसिंगला गाडी थांबली' म्हणजे समोरून दुसरी गाडी येते आहे. रस्त्यावर 'क्रॉसिंग' म्हणजे फाटक. पॉइंट्समध्ये तो रुळांचा छेद. आणि नागपूरला लोक फोटो काढायला धडपडतात ते डायमंड क्रॉसिंग, तिथे तर मार्ग बदलताच येत नाही, फक्त कापला जातो. एका शब्दाला चार अर्थ खपतात, मग सांध्याला दोन का खपू नयेत?

संधिविग्रह
कारण क्रॉसिंग आपला शब्द नाही. आपल्या शब्दाला आपण जपायला हवं.

गिट्टीवाला
आणि वाघीण? मालगाडीच्या वॅगनला 'वाघीण' केलं ते जपलं म्हणायचं की मोडलं? 'कोळशाच्या वाघिणी घसरल्या' असं आजही छापून येतं. इंग्रजी कानानं ऐकून मराठीनं जनावर केलं आणि वर अनेकवचनही चालवलं. शुद्धीवाल्यांना विचारून झालेलं नाही ते.

संधिविग्रह
ती लोकव्युत्पत्ती. गोड आहे, आदर्श नव्हे.

कर्जतबँकर
मला विचाराल तर तीच आदर्श. 'लोहमार्ग' पोलिसांच्या पाटीवर राहिला, 'रूळ' सगळ्यांच्या तोंडात बसला.

जुनीलाइन
फोटो 3 कडे वळू या का? जीभ घेतली. पण शीर्षक?

लोंढाजंक्शन
फोटो 3 मध्ये खटका दिसतो आहे का, वजनाचा गोळा लावलेला? असेल तर 'हाताने बदलायचा सांधा' लिहा, म्हणजे फोटो 9 शी गल्लत होणार नाही. आणि जीभ कुठल्या बाजूला चिकटली आहे तेही लिहा, मार्ग कुणाकडे लावला होता ते त्यावरून कळतं. ती पूर्ण चिकटलेली असणं महत्त्वाचं. मोटरवर चालणाऱ्या सांध्यात टोकापासून 150 मिमीवर 5 मिमी जाडीची पट्टी मध्ये धरून तपासतात. तेवढी फट असताना सांध्याला कुलूप पडता कामा नये. पडलं तर फेसिंग गाडीच्या चाकाची कड मध्ये शिरते, एक चाक इकडे आणि एक तिकडे. उलट्या बाजूनं, म्हणजे ट्रेलिंग गाडी न लावलेल्या सांध्यात घुसली तर ती जीभ ढकलून पुढे निघून जाते. गाडी बहुतेक वाचते, सळया वाकतात. मग ती गाडी त्याच पावली मागे घेतली तर मात्र घसरलीच.

तेरामीटर
पुस्तिकेत एक ओळ टाकाच: मोटरच्या सांध्याजवळ फोटोसाठी पाय रुळांच्या मध्ये ठेवू नये. जीभ तीन ते पाच सेकंदांत सरकते, आधी सूचना काही नाही. शिवाय परवानगीशिवाय रुळांत उतरणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. पादचारी पूल आणि फलाटाचं टोक इथून टेलिफोटोनं सांधा जास्त चांगला येतो, कारण वाट फाकताना दिसते. खाली बसून वाइड लेन्सनं नुसती जीभ दिसते.

दूधसागर
पुस्तिकेत 'गेज'ला काय केलंय? रुंदमापी, अरुंदमापी?

जुनीलाइन
ब्रॉडगेज, मीटर गेज, नॅरोगेज. आकडे दिलेत: 1676, 1000, 762 मिमी.

दूधसागर
शहाणपणा केलात. फक्त 'रुंदीकरण' शब्द सांभाळा. बातम्यांत गेज बदलाला रुंदीकरण म्हणतात आणि वाचकाला वाटतं जुना मार्गच दोन हात बाजूला सारला. प्रत्यक्षात नॅरोगेजचं वळण आणि चढ ब्रॉडगेजला चालत नाही, कित्येक ठिकाणी आखणीच नवी होते आणि जुनी भर शेतात एकटी पडते. कुर्डुवाडी–मिरज, कुर्डुवाडी–लातूर या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गांवर जुन्या रेषा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नकाशात आजच्या मार्गालगत मळ्यांच्या बांधांमधून जाणारी सलग मोठी वळणं दिसली तर तीच. मिरजेला तर एके काळी तिन्ही गेज होते, तिथल्या फोटोत कोणता रूळ कुठल्या गेजचा हे ओळीत आलंच पाहिजे.

मुंबईबंदर
मिरजेच्या फोटो 14 बद्दल. सिग्नल 'पडलेला' असं लिहिलंय. आजच्या वाचकाला कळेल का? रस्त्यावर सिग्नल 'लागला' म्हणजे लाल, 'सुटला' म्हणजे हिरवा. 'पडला' म्हणजे काय?

लोंढाजंक्शन
सिग्नल पडला म्हणजे गाडीला वाट मिळाली. जुन्या लोअर क्वाड्रंट सिग्नलचा हात आडवा असतो तेव्हा थांबायचं, खाली झुकतो तेव्हा जायचं. तार तुटली तर हात खाली लोंबता कामा नये, म्हणून त्याला उलटं वजन लावलेलं असतं, ते त्याला परत आडवं करतं. अपर क्वाड्रंटमध्ये हात वर जातो, तार तुटली तर स्वतःच्याच भारानं आडवा होतो. तिथे वाट मिळाली की सिग्नल 'चढतो' म्हणायला हवं, पण जुने लोक तिथेही 'पडला'च म्हणत. रंगीत दिव्यांत ना चढत ना पडत, तरी शब्द चालूच.

संधिविग्रह
म्हणजे मूळ अर्थ सुटला की शब्द निराधार होतो, हेच मी म्हणतो आहे.

गिट्टीवाला
निराधार कुठे, नोकरीवर आहे.

तेरामीटर
फोटो 14 पाहिला. शब्द सोडा, ही निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली आहे असं वाटतं. आपल्या रेल्वेत सिग्नलकडे येणाऱ्या ड्रायव्हरला हात खांबाच्या डावीकडे दिसतो. या फोटोत तो उजवीकडे आहे.

लोंढाजंक्शन
मागून काढला असेल तर उजवीकडेच दिसणार.

तेरामीटर
मागून नाही. थांब्याच्या सिग्नलचा हात समोरून लाल आणि त्यावर पांढरा पट्टा, मागून पांढरा आणि काळा पट्टा. कृष्णधवल फोटोत समोरची बाजू गडद येते. इथे हात गडद, पट्टा फिकट. म्हणजे समोरून काढलाय, तरी हात उजवीकडे.

लोंढाजंक्शन
खात्री करायची सोपी रीत आहे. निगेटिव्ह प्रकाशात धरा, चकचकीत बाजू आपल्याकडे, मंद बाजू पलीकडे. काठावरची अक्षरं आणि आकडे सरळ वाचता आले की चित्रही सरळ. स्कॅनरवर कुठली बाजू खाली ठेवायची ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून स्कॅनरवर विसंबू नका, काठाच्या अक्षरांवर विसंबा. 14 उलटा निघाला तर फिल्मच्या त्याच पट्टीवरच्या बाकीच्या चौकटीही तपासा, पट्टी अख्खीच उलटी बसवलेली असते.

कर्जतबँकर
फोटो 3 त्याच पट्टीवरचा असेल तर जीभ कुठल्या बाजूला चिकटली होती तेही उलटं होणार. आधी पट्ट्या बघा, मग ओळी लिहा.

संधिविग्रह
बघताना 'सिग्नलचा हात' तेवढं बदला. 'भुजा' हा शब्द उपलब्ध आहे.

गिट्टीवाला
अन् पंजा कुठे आहे त्याला?