हिरवी स्मूदी आठ वाजेपर्यंत शेवाळासारखी का होते?

तारीवाला, डिचोली

नमस्कार मंडळी. प्रश्न चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा, मला यातलं फारसं कळत नाही.

मी फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हर. वय ५३. आठवड्यातले चार दिवस पहाटेची पाळी, घरातून साडेचारला निघायचं. त्या वेळी घशाखाली काही उतरत नाही. मग आठ वाजता धक्क्यावरच्या गाड्यावर पातळ भाजी, दोन कातरे पाव, एक मिरची भजी आणि दोन चहा. १९ वर्षं हेच चाललं. जूनमध्ये डॉक्टरांनी आधी रिपोर्ट बघितला, मग माझं पोट बघितलं, आणि भाजी-पाव रविवारपुरता ठेवा म्हणाले.

मुलगी फोंड्याला शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिने हिरवी स्मूदी करून दाखवली. अर्धी जुडी पालक, केळं, अर्धं सफरचंद, आल्याचा तुकडा, लिंबू, पाणी. 'पप्पा, सगळं जारमध्ये टाकायचं आणि बटण फिरवायचं, यात काय कठीण आहे?' तिने केलेली खरोखर बरी लागली. ती गेली आणि माझी परीक्षा सुरू झाली.

पालकाचे दोरे राहतात, दातांत अडकतात. मिक्सर मध्येच बंद पडतो. आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला पोपटासारखी हिरवी असलेली वस्तू आठ वाजता बाटली उघडली की भरतीनंतर खाजनाच्या बांधाला चिकटलेल्या शेवाळाच्या रंगाची झालेली असते. वर फेस, खाली पाणी, आणि एक वास. काल आमच्या खलाशाने बाटलीत डोकावून विचारलं, 'हें तू पितलो?' मी प्यायलो, पण त्याच्याकडे बघत.

मिक्सर साधा, ५०० वॅटचा, लग्नात आलेला नव्हे पण त्याच्या नंतरचा. कुणी समजावून सांगेल का?


कोथरूडकर

मिक्सरवर स्मूदी होत नाही. हाय-स्पीड ब्लेंडर घ्या, वीस हजारांच्या आसपास चांगला मिळतो. पालकाऐवजी केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) वापरा, चिया सीड्स रात्री भिजवा, आमंड मिल्क घाला. फरक लगेच कळेल.


तारीवाला

केल म्हणजे केळं नव्हे हे कळायला मला दोन मिनिटं लागली. वीस हजारांत माझ्या स्कूटरचं इंजिन नवीन होतं, साहेब. तरी आभार.


म्हापशेकरीण

तारीबाब, ब्लेंडर-बिंडर काही नको. माझं म्हापशाच्या बाजारात ज्यूसचं दुकान होतं, आता सुनेने घेतलंय. साध्या मिक्सरवर दिवसाला शंभर ग्लास काढलेत.

सगळं एकदम टाकता, तिथेच चुकतं. आधी फक्त पाला आणि अर्धा ग्लास पाणी. पालकाचे जाड देठ काढायचे, दोरे तेच. हवे तर वरणात टाका. पानं हाताने फाडून घ्या, भांड्यात ठेचून भरू नका. एका माणसाला एक मोठी मूठभर पाला पुरे, अर्धी जुडी कशाला? वीस-पंचवीस सेकंद फिरवा, थांबा, झाकण उघडून कडेचं चमच्याने खाली लोटा, पुन्हा वीस सेकंद. ते नुसतं हिरवं पाणी दिसायला लागलं, बोटाला पान लागेना झालं, की मग केळं आणि बाकीचं. केळं आधी घातलं तर त्याचा लगदा होतो, पानं त्यात गुरफटतात आणि पात्याखाली येतच नाहीत.

चटणीचं भांडं घेऊ नका. उंच, आत उभ्या कडा असलेलं ज्यूसचं भांडं असतं ते घ्या, दोन-तृतीयांशच्या वर भरू नका.

केळं कुठलं घेता? साळदाट्टी किंवा रसबाळी जातीचं असेल तर साखर, मध, खजूर काही लागत नाही. मोयरेचं मोठं केळं यात घालू नका, ते फिगादीसाठी, म्हणजे केळ्याच्या गोड वडीसाठी ठेवा.

मिक्सर बंद पडतो तेव्हा उलटा करून बघा, बुडाला लाल बटण असेल. ते बाहेर आलेलं असतं. दहा मिनिटं गार होऊ द्या आणि दाबा.


तारीवाला

बाय, लाल बटण सापडलं. ओव्हरलोड ट्रिप, जास्त भार पडला की मोटर आपोआप बंद! आमच्या पॅनेलवर तस्संच असतं आणि मी तीन आठवडे मिक्सर दुरुस्तीवाल्याला शोधत होतो. बायकोला सांगू नका.

तुम्ही पाला-पाणी आधी म्हणालात त्यावर ड्युटीवर विचार करत होतो. ओहोटीला पाणी उतरलं की कधीकधी बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) पाणी कमी पडतं, हवा ओढली जाते. इंजिन जोरात ओरडतं आणि बोट मात्र जागची हलत नाही. मिक्सरमध्ये हेच होत होतं. वर केळ्याचा गोळा अडकलेला, खाली पात्याभोवती हवेची पोकळी, आवाज मोठा आणि काम शून्य. मी आवाज ऐकून आणखी वेग वाढवायचो. बोटीवर असं केलं असतं तर मास्टरने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, दोन शब्द सुनावले असते.

आज तुमच्यासारखं केलं, दोरे गेले. मात्र केळं फ्रीझरमध्ये ठेवावं असं कुठेतरी वाचलं म्हणून रात्री सालासकट ठेवलं. सकाळी काळं, दगडासारखं, साल सुरीने खरवडायची वेळ आली. पावणेचारला.

रंगाचा प्रश्न तसाच आहे. आठ वाजता पुन्हा शेवाळ.


लॅबवाली, मडगाव

केळं सोलून, चकत्या करून डब्यात ठेवायचं हो.

रंगाचं सांगते. पानातल्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबट पदार्थ लागला की ते सुटून बाहेर पडतं आणि चकचकीत हिरव्याचा मेंदीसारखा मातकट हिरवा होतो. उष्णता मिळाली की हे आणखी भराभर होतं. तुम्ही पहाटे चारला लिंबू पिळता आणि आठला पिता, म्हणजे त्याला चार तास दिलेत. सफरचंद वेगळ्या कारणाने तपकिरी पडतं, त्याचा हवेशी संबंध. त्याला लिंबू थोपवतं, पण पाल्याला तेच लिंबू मारतं. म्हणून सफरचंद काढून टाका, लिंबाची फोड वेगळी न्या आणि पिताना पिळा. बाटली गळ्यापर्यंत भरा, रिकामी जागा ठेवू नका.

एक विचारायचंय. बाटली कुठे ठेवता?


तारीवाला

इंजिन रूममध्ये. जेवणाच्या डब्याशेजारी, फळीवर.


लॅबवाली

😀 काका, तिथे उन्हाळ्यात तुम्हाला स्वतःला किती वेळ बसवतं? चार तास त्या उकाड्यात कच्चा पाला आणि कापलेलं फळ ठेवायचं म्हणजे रंगाची नव्हे, पोटाची काळजी करायला हवी. त्या वासाचं कारण तेच. थर्मास घ्या, आदल्या रात्री आत बर्फाचं पाणी भरून ठेवा, सकाळी ओतून मग स्मूदी भरा. आणि वरती ठेवा, मास्टरच्या केबिनमध्ये.

आणखी दोन प्रश्न, नाक खुपसते आहे पण रोज रिपोर्ट बघायची सवय. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मुतखडा कधी झाला होता का?


तारीवाला

गोळी नाही. मुतखडा झाला होता, दोन वर्षांपूर्वी. ५ मिलिमीटर, आपणहून पडला. पडला तो दिवस विसरणार नाही. का?


लॅबवाली

मग हा पालक तुमच्यासाठी नाही.

मुतखड्यांत सर्वांत जास्त आढळतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि ऑक्झलेट भरपूर असलेल्या भाज्यांत पालक अगदी वरच्या रांगेत. ज्याला काही त्रास नाही त्याने आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर घेतला तर बिघडत नाही. पण खडा होऊन गेलेल्या माणसाने रोज अर्धी जुडी कच्ची प्यायची, तीही इंजिन रूममध्ये घाम गाळत, पाणी कमी पीत, हे मला पटत नाही. पालक उकळून पाणी फेकलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं. सोबत दही असलं तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. पण तुम्हाला रोज प्यायचंय तर पालाच बदला. तांबड्या भाजीकडे वळू नका, तिची गत तीच, बीटाचीही. काकडी, लेट्यूस, कोवळा कोबी, दुधी चालेल. तुमचा खडा कशाचा होता ते तपासलं होतं का ते डॉक्टरांना विचारा, त्यांना या स्मूदीचंही सांगा. मी लॅबमधली आहे, डॉक्टर नाही.

गोळीचं विचारलं कारण वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवली की के जीवनसत्त्वामुळे गोळीचा हिशोब चुकतो. हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगितलं.


म्हापशेकरीण

बरं झालं विचारलंस गो बाय. दुकानात असं कोण विचारतं?

दुधी घेणार असाल तर कच्च्या दुधीचा तुकडा आधी जिभेला लावायचा. कडू लागला तर तो दुधी फेकायचा, भाजीलाही घ्यायचा नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. 'कडू म्हणजे औषधी' म्हणून डोळे मिटून पिणारे असतात, तसं करू नका. काकडीचंही टोक चाखून बघा.

अननस घालायची हौस आली तर दह्याबरोबर करून ठेवू नका. ताजा अननस दह्याला थोड्या वेळात कडू करतो. लगेच पिणार असाल तर ठीक.


सत्तरीची आजी

नातू लिहून देतो आहे. पुता, पावसाळ्यात आमच्याकडे परसात जे उगवतं ते सगळं मिक्सरात घालायचं नसतं हे आधी सांगते. माझ्या धाकट्या जावेने असलंच काही वाचून कच्च्या अळूचं पान वाटलं होतं. घशाला असे काटे टोचले की दोन दिवस बोलली नाही. घरात शांतता होती ती वेगळी गोष्ट. अळू आंबट घालून शिजवायचंच. तायकिळाही (टाकळा) शिजवायचा, फणसाच्या बिया घालून.

कच्चा पाला प्यायचा तर एकपानी (मंडूकपर्णी) घे. मूठभर पानं, दोन चमचे ओला नारळ, चार मिरीचे दाणे, जिरं, वाटून ताकात कालव. झाली तंबळी. तुमच्या स्मूदीत आणखी काय वेगळं असतं?


तारीवाला

आजी, तंबळी माझी आई करायची. पण ती भातावर. ग्लासातून दिली असती तर मी तेव्हाही पळालो असतो. आणि स्मूदीत केळं असतं, तंबळीत केळं घातलं असतं तर आईने मला चुलीपाशी उभं राहू दिलं नसतं. दोन्ही वेगळ्या आहेत असं माझं मत. मात्र मिरीची कल्पना उचलतो.


तारीवाला

आठ दिवसांनी लिहितो आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलो. पालक बंद, पाणी वाढवा म्हणाले, काकडीला हरकत नाही. केळं एकच.

आता असं करतो. रात्री काकडी चाखून, सालासकट चिरून डब्यात. लेट्यूसची चार पानं, शुक्रवारी म्हापशाहून आणतो, मिठाच्या पाण्यात बुडवून मग दोनदा साध्या पाण्याने धुतलेली. पावसात पानामागे काय काय बसलेलं असतं ते मी बोलत नाही. पुदिन्याची पाच-सहा पानं. पहाटे आधी हे सगळं अर्ध्या ग्लास पाण्यात, दोनदा वीस सेकंद. मग साळदाट्टी केळ्याच्या गोठवलेल्या चकत्या, सोललेल्या, तीन चमचे दही, आल्याचा तुकडा, दोन मिरी. थर्मास गळ्यापर्यंत. लिंबाची फोड शर्टाच्या खिशात.

पालकाइतका गडद रंग येत नाही, कोवळ्या भातासारखा फिकट येतो, पण आठ वाजता तोच राहतो. थोडं पाणी वेगळं होतं, हलवलं की मिसळतं. थर्मास मास्टरच्या केबिनमध्ये असतो, त्यामुळे मंगळवारी मास्टरने अर्धा संपवला. त्याला सांगितलं, उद्यापासून काकडी तू आण.

भूक मात्र साडेनवाला लागते. त्यावर काही आहे का? गाडा समोरच आहे आणि वारा नेमका तिकडून येतो.


म्हापशेकरीण

मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं न्या. सकाळच्या प्रवासाला नुसती स्मूदी कशी पुरेल? आणि तारीबाब, मिक्सरचं भांडं लगेच पाण्याने फिरवून ठेवता ना? केळं वाळलं की पात्याखाली चिकटून बसतं.


तारीवाला

साडेचारला निघायचं असतं. भांडं सिंकमध्ये ठेवतो.


तारीवाला

बायकोने हे वाचलं. लाल बटणाचंही. उद्यापासून धुऊन ठेवतो.